तांगसा भाषा व गीते
भारत-म्यानमार सीमेवरील पाटकाई डोंगररांगांच्या परिसरात राहणाऱ्या अनेक लहान गटांचे ‘तांगसा’ हे सामूहिक नाव. त्यांची वस्ती अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग व आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यांत आढळते. म्यानमारमध्ये त्यांना ‘तांगशांग’ म्हणतात. मोसांग, मुकलोम, तिखाक, हाखुन इ. गटांच्या बोली तिबेटो-बर्मी कुलातील असल्या, तरी त्यांपैकी कित्येक परस्परांना समजत नाहीत. तेव्हा तांगसा ही एक भाषा मानणे सोयीचे असले, तरी यथार्थ नव्हे.

‘विहू’ सणाचे गीत पांगवा गटांत आपापल्या उच्चारांनुसार गायिले जाते. त्यातील बरेच शब्द नित्याच्या बोलीत नाहीत. ते वृद्ध गायकांनाच उलगडतात. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर जुन्या विधींशी निगडित असे गायन अनेक गावांत मागे पडले. गायक गेला, की शब्दांचा अर्थही जातो. म्हणून नुसत्या ध्वनिमुद्रणापेक्षा गायकाकडूनच प्रत्येक ओळीचा अर्थ लिहून घेणे अधिक निकडीचे ठरते. ऑस्ट्रेलियातील भाषावैज्ञानिक स्टीफन मोरी यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून या बोलींची व गीतांची केलेली नोंद या दृष्टीने मोलाची आहे.

लेखनासाठी बहुधा रोमन लिपी वापरतात. लाखुम मोसांग यांनी सिद्ध केलेल्या स्वतंत्र लिपीत सुरभेदानुसार स्वरांची निरनिराळी अक्षरे आहेत. २०२१ मध्ये तिचा युनिकोडमध्ये समावेश झाला.