मलिद्याचे ताट आणि जेरुसलेमचे धरणे

आमच्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात बहुधा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, थळकर ही आमची आडनावे त्याच मुलखातली. हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मला आज सांगायचे आहे ते पुढचे. इस्राएलला आल्यावर आमची माणसे इथली कशी झाली?

१९४८ नंतर आलेल्यांपैकी पुष्कळांनी मुंबई पाहिलेली, नोकऱ्या केलेल्या. इथे वाट्याला आली बीरशेबा, दिमोना, येरुहाम यांसारखी नव्याने वसणारी गावे. भाषा परकी, ऊन वाळवंटाचे, आणि रंगावरून कमी लेखले जाते ही खंत वेगळीच. १९५१ मध्ये काही जणांनी ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे भारतात परतली. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इथे आले.

त्याहून मोठी परीक्षा १९६२ साली आली. बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न समाजाबाहेर ठरले, तर आई, आजी, पणजी अशी वर जाऊन चौकशी करावी, असे निर्देश मुख्य रब्बिनेटने काढले. पूर्वीचे घटस्फोट आणि विधवांचे पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका त्यामागे होती. शेकडो वर्षे शब्बाथ पाळलेल्या माणसांना ‘तुम्ही पुरते यहुदी का?’ असे विचारले गेले!

माझा जन्म त्यानंतरचा. पण १९६४ च्या उन्हाळ्याची हकीकत आमच्या घराघरांत सांगितली जाते. ठिकठिकाणच्या वसाहतींतून कुटुंबेच्या कुटुंबे जेरुसलेमला आली आणि ज्यूइश एजन्सीच्या इमारतीपुढे धरणे धरून बसली. ज्यांच्या घरात लग्नाचे कोणी नव्हते, तेही बसले. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्याच्या मुलीचे लग्न अडले, तर ते आपलेच अडले, असे ते मानत होते. अखेर पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने प्रश्न संसदेत आणला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आणि सर्व बाबतींत समान आहेत, असे जाहीर झाले. नंतर निर्देशांतून समाजाचे नावही वगळले गेले.

हक्क असा मिळाला. पण एवढी माणसे एका हाकेसरशी जमली कशी? माझ्या मते, त्यांना एकत्र बसायची सवय मलिद्याने लावली होती. लग्न असो, नवे घर असो, आजारातून उठणे असो, एलियाहू हानाबीच्या नावाने मलिदा व्हायचाच. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वर फळे. नारळ खवायला शेजारीण हवी, प्रार्थनेला पुरुष मंडळी हवीत, प्रसाद खायला पोरेबाळे हवीत. एकट्याने मलिदा होत नाही. कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाणारी आमची माणसे इथे हैफाला एलियाहूच्या गुहेकडे जाऊ लागली. ताट तेच राहिले, आणि अनोळखी देशात कोणाचे काय अडले आहे हे त्या ताटाभोवतीच कळत गेले.

आज नातवंडे हिब्रूतच बोलतात, हिब्रूतच भांडतात. त्यांच्यापुढे तो १९६२ चा प्रश्न नाही, हे चांगलेच आहे. पण आजी-आजोबांपैकी काहींना मनातले दुखणे सांगायला अजून मराठीच लागते. धरण्याची गरज आता उरली नसेल, शेजारी जाऊन बसण्याची मात्र आहे. पुढच्या मलिद्याला आपल्या इमारतीतल्या एकट्या मावशींना आवर्जून बोलवा, आणि नारळ त्यांच्याच हाती द्या.