काकांच्या पेटीतला केसपेपर

गेल्या महिन्यात हातकणंगल्याचं घर आवरायला गेले होते. माळ्यावर काकांची पत्र्याची पेटी निघाली. वर यंत्रमागाच्या पगाराची पाकिटं, खाली जुन्या लग्नपत्रिका, आणि अगदी तळाला साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले दवाखान्याचे कागद. त्यातला एक केसपेपर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. १९९९ सालचा, इचलकरंजीच्या एका खाजगी दवाखान्याचा. त्यावर टीबीची औषधं लिहिलेली होती.

आम्हाला घरात ठाऊक होता तो काकांचा २००६ चा टीबी. तेव्हा ‘डॉट्स’ नवीन होतं. केंद्राचा सुधारित क्षयरोग कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला आणि मार्च २००६ पर्यंत देशभर पोचला. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा वेगळा खोका असायचा, त्यात पूर्ण कोर्स. उपचाराचं कार्ड केंद्रात, ओळखपत्र रुग्णाकडे. आठवड्यातून तीन दिवस समोर उभं राहून गोळ्या गिळायच्या. पद्धत झकास होती, पण सगळी एका प्रश्नावर उभी होती : “यापूर्वी टीबीची औषधं घेतलीत का?”

‘नाही’ म्हटलं की पहिली कॅटेगरी, सहा महिने. ‘हो’ म्हटलं की दुसरी, आठ महिने आणि सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनं. काका ‘नाही’ म्हणाले. ताईचं लग्न ठरत होतं हो! पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं तर? १९९९ मध्ये खोकला थांबला तशी औषधंही त्यांनी थांबवली होती. तो कागद पेटीच्या तळाशी गेला आणि तिथंच राहिला. सहा महिने झाले तरी बेडका पॉझिटिव्ह. मग दुसरी कॅटेगरी. काका बरे झाले, पण नंतर त्यांना हाक दोनदा मारावी लागे. स्ट्रेप्टोमायसिन कानांवर परिणाम करतं हे मला फार उशिरा कळलं. (ती दुसरी कॅटेगरी आता राहिलेली नाही. २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या.)

आज असं घडलं असतं का? मे २०१२ मध्ये खाजगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं सक्तीचं झालं, त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद आली. म्हणजे काकांचा इचलकरंजीतला उपचार हातकणंगल्यात दिसला असता. मला हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग ताईचं लग्न आठवलं. कागद लपवता येतो. संगणक कुणाकुणाला उघडून दाखवतो, हे काकांना कोण सांगणार होतं? २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, आभाचा १४ आकडी नंबर आला. संमतीशिवाय माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, असा त्याचा नियम आहे. पण रांगेत उभ्या माणसाला मोबाईलवरचा ओटीपी विचारला की तो नंबर सांगून मोकळा होतो. त्याला संमती म्हणायचं का?

आणि संगणक म्हणजे कायमचा, असंही नाही बरं का. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चाललेली एचएमआयएस प्रणाली जुलै २०२२ मध्ये बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा हातानं केसपेपर लिहू लागले. इंग्लंडनंही २००२ मध्ये सगळ्या देशाची रुग्णनोंद एकत्र करायला घेतली होती, २०११ मध्ये तो कार्यक्रम मोडीत काढला. आमची पिशवी मात्र उंदीर-वाळवीतून पंचवीस वर्षं टिकली. अर्थात टिकून उपयोग काय झाला, हा भाग वेगळा.

रात्री ताईला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जाळून टाक. आईला कळायला नको.”

सकाळी चहा घेत होते, तर तिचाच फोन. “जाळलास का गं?”

“नाही अजून.”

“मग फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठव. सांध्यांसाठी नवं इंजेक्शन सुरू करायचंय, तर डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला टीबी होता का म्हणून. मी नाही म्हणून आलेय.”