धावणारा आणि वर्गणी : ‘हौशी’ या संज्ञेच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठीत ‘पळणे’ आणि ‘धावणे’ ही दोन क्रियापदे रोजच्या व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात; तथापि त्यांची कुळे निराळी आहेत आणि त्या कुळांची आठवण भाषेने अद्याप पुसलेली नाही. ‘पळणे’च्या मुळाशी संस्कृत ‘पलायते’ आहे. भिणे, निसटणे, जीव वाचविणे हा त्याचा मूळ अर्थ ‘पळपुटा’, ‘पळवाट’, ‘पळून गेला’ या रूपांत आजही जिवंत आहे. ‘धावणे’ हे ‘धाव्’ धातूपासून आले, आणि मराठीने त्याला अशी एक छटा दिली की तिची दखल घ्यावयासच हवी. संकटात माणूस देवाचा ‘धावा’ करतो. शेजारी मदतीला ‘धावून’ येतो. पळणारा स्वतःसाठी पळतो, धावणारा बहुधा दुसऱ्याकडे धावतो, असा भेद भाषेने केला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आजाऱ्याच्या उपचारासाठी वा रुग्णालयाच्या निधीसाठी शर्यतीत धावणाऱ्या हौशी धावपटूंची संख्या गेल्या काही दशकांत आपल्याकडे बरीच वाढली आहे. ही प्रथा पश्चिमेकडून जशीच्या तशी आली असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. धावणारा आणि वर्गणी यांचा संबंध महाराष्ट्रात त्याहून जुना आहे. फरक पडला आहे तो वर्गणीच्या दिशेत. पूर्वी समाज पैसे जमवीत असे तो धावणाऱ्याला धावता यावे म्हणून; आता धावणारा धावतो तो समाजाने पैसे द्यावेत म्हणून. ही दिशा कशी उलटली, आणि ती उलटत असताना ‘हौशी’ या शब्दाने कोणाला आत घेतले व कोणाला दाराबाहेर ठेवले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम या शब्दाविषयी. ‘हौस’ हा अरबी ‘हवस’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. हिंदीत त्याच शब्दाला पुढे लोभाचा आणि वासनेचा वास लागला; मराठीने मात्र त्याला सणासुदीच्या, लुगड्या-दागिन्यांच्या घरगुती वातावरणात वाढविले, त्यामुळे तो निरागस राहिला. इंग्रजांच्या ‘अमॅच्युअर’ला प्रतिशब्द हवा झाला तेव्हा ‘हौशी’ पुढे आला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘प्रेम करणारा’ असा असल्याने हे भाषांतर मार्मिकच होय. रंगभूमीवर त्याने चांगले बस्तान बसविले; १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने तर ‘हौशी’ला शासकीय प्रतिष्ठा दिली. परंतु नाटकातल्या ‘हौशी’चा विरुद्धार्थी शब्द ‘धंदेवाईक’ एवढाच होता. इंग्लंडातल्या क्रीडाक्षेत्रात ‘अमॅच्युअर’च्या विरुद्ध बाजूला केवळ धंदा उभा नव्हता, तेथे वर्ग उभा होता.

१८६६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तीत पैशासाठी स्पर्धा करणारा वगळला होताच. शिवाय कारागीर व मजूर यांनाही नावानिशी वगळले होते. मजुराने कधी एक पैसाही बक्षीस घेतले नसले तरी तो हौशी ठरत नसे. धावणे हे त्याचे पोट नसेल, पण अंगमेहनत हे पोट आहे, एवढा गुन्हा पुरेसा होता. १८८० साली स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनने मजुरांविषयीचे कलम काढून टाकले. पैशाचे कलम मात्र राहिले. हेन्लीच्या नौकास्पर्धेत तर अंगमेहनत करणाऱ्यावरील बंदी १९३७ पर्यंत टिकली.

आपल्याकडे धावण्याची परंपरा याच्या नेमकी उलट होती. मराठेशाहीतील जासूद हा मजुरीवर धावणारा माणूस. त्याचे नाव अरबी ‘जासूस’ या शब्दावरून आले, पण मराठीत हेरापेक्षा निरोप्याचाच अर्थ त्यात बळावला. पत्र घेऊन तो एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाई आणि त्याच्या पायांवर राजकारण चाले. जत्रेतील कुस्तीला इनाम असे, शर्यतीला बक्षीस असे. धावण्याचे वा झुंजण्याचे मोल घेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नव्हता. अशा समाजात ‘निष्काम धावणारा’ ही कल्पना परकी होती.

या दोन परंपरांची गाठ पडली ती पुण्यात, १९१९ साली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतीला उतरलेली मुले बहुतांशी शेतकरी घरांतली होती. ती अनवाणी धावत. शास्त्रीय सराव, आहार, शर्यतीचे आधुनिक नियम यांची त्यांना माहिती नव्हती. तरीही त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. ती वाचताना हिंदी ऑलिंपिक चळवळीचा उगम एखाद्या महाविद्यालयाच्या हिरवळीवर न होता शेतकऱ्यांच्या अनवाणी पायांत झाला हे ध्यानात येते. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली होती, आणि मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार मोठा बसला होता. त्यानंतर वर्षभरातच ही मुले पंचवीस मैलांच्या आसपासचे अंतर धावत होती.

अँटवर्पला संघ पाठवावयाचे ठरले तेव्हा प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. सरकारने काही दिले, इतरांनी काही दिले, आणि खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला. १९२० च्या या छोट्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, लांब पल्ल्याचे धावपटू कैकाडी होते. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. चौगुले आणि दातार मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या वर्षीचे अंतर ४२·७५ किलोमीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब. आजचे ४२·१९५ किलोमीटरचे माप पुढच्या वर्षी, १९२१ साली, कायम झाले. फिनलंडचे हॅनेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५·८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५·४ सेकंदांत एकोणिसावे आले.

एकोणिसाव्या क्रमांकाची नोंद आपल्या क्रीडा-इतिहासात उपेक्षेने होते, हे मला न्याय्य वाटत नाही. त्याहून विचार करण्याजोगी बाब अशी की, चौगुले ‘हौशी’ म्हणून धावले. १८६६ ची व्याख्या जारी असती तर त्या पथकातील शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांना अँटवर्पच्या रस्त्यावर पाऊल ठेवता आले नसते. मजुरीचे कलम गेले म्हणून दार उघडले. पण पैशाचे कलम राहिल्यामुळे ज्याच्या घरी पैसा नाही त्याला दुसऱ्याच्या वर्गणीवाचून हौस करता येईना. हौशीपणाचा नियम गरिबाच्या बाबतीत प्रत्यक्षात आश्रयाचा नियम ठरला. धावणाऱ्याने मिळवावयाचे नाही. त्याच्यासाठी कोणीतरी द्यावयाचे. १९१२ चे ऑलिंपिक-विजेते जिम थॉर्प यांनी बेसबॉल खेळून किरकोळ मोबदला घेतला होता एवढ्यावरून त्यांची पदके १९१३ मध्ये हिरावली गेली, हे उदाहरण तेव्हा ताजेच होते.

दोराबजींच्या चरित्रातील पुढचा भाग आपल्या विषयाशी अनपेक्षितपणे येऊन मिळतो. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. १९३२ मध्ये दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा स्मारक निधी स्थापिला, आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. धावणाऱ्यांसाठी पैसे घालणारा आणि रुग्णांसाठी पैसे ठेवणारा हात एकच होता. मात्र या दोन दानांचा परस्परांशी संबंध असू शकतो हे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसावे.

तो संबंध जोडला कॅनडातील एका तरुणाने. टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे धावावयास आरंभ केला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर गेल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले आणि तो थांबला. १९८१ च्या जूनमध्ये तो वारला. त्याची मागणी प्रत्येक कॅनडियनाकडून एक डॉलर एवढीच होती. भाषेच्या अभ्यासकाला यात आपली ‘वर्गणी’ दिसल्यावाचून राहत नाही. ‘देणगी’ देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ‘वर्गणी’ ही माणशी बसणारी वाटणी होय, मग ती गणेशोत्सवाची असो वा गावजेवणाची. फॉक्सने देणगी मागितली नाही, वर्गणी बसविली, आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत ती पुरी झाली. त्याच्या नावाची दौड पुढे मुंबईतही होऊ लागली आणि तिचा निधी कर्करोगाच्या संशोधनासाठी टाटा स्मारक केंद्राकडे जाऊ लागला.

१५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत पहिली मोठी आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली आणि निधिसंकलन हे तिचे अंगभूत कार्य बनले. २०१८ पासून ती टाटांच्या नावाने ओळखली जाते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, म्हणजे तिच्याहून जुनी. परंतु वर्गणीची दिशा पूर्णपणे उलटली ती मुंबईत. आता धावणारा आपल्या परिचितांना पत्रे पाठवितो, अमुक संस्थेसाठी मी धावत आहे, तुम्ही द्या, असे म्हणतो; आणि परिचित देतात ते रुग्णासाठी असले तरी त्यांना भीड पडते ती धावणाऱ्याच्या श्रमाची. श्रम हेच येथे तारण आहे.

या तारणाची अडचण सहसा लिहिली जात नाही. जानेवारीत मॅरेथॉन धावावयाची तर सरावाला श्रावण-भाद्रपदातच लागावे लागते. आपल्याकडे हाच हिवतापाचा आणि डेंग्यूचा काळ. नोकरी सांभाळून पहाटे धावणाऱ्याचा आठवड्याचा लांब पल्ला हळूहळू वाढत असतो, नेमका तेव्हा ताप येतो. विषाणुजन्य तापात धावल्यास हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून वैद्य विश्रांती सांगतात. इकडे दुसऱ्या कोणा रुग्णाच्या नावाने वर्गणी जमा झालेली असते. वस्तुतः रक्कम एकदा संस्थेच्या खात्यात पडली म्हणजे ती धावण्यावर अवलंबून राहत नाही. पण शब्द दिलेला असतो, आणि शब्दाचे ओझे तापाहून जड वाटते. जुन्या आश्रित धावपटूला आश्रयदात्याची भीड होती, नव्याला शंभर लहान वर्गणीदारांची आहे. कोविडमुळे २०२१ व २०२२ मध्ये मुंबईची शर्यत झालीच नाही आणि १५ जानेवारी २०२३ रोजी ती पुन्हा भरली, तेव्हा या ओझ्याचा अनुभव अनेकांनी एकदमच घेतला असेल.

हे सारे शहरी वाटेल. जालना जिल्ह्यातील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीची वस्ती घ्या. तेथे गळिताचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. मॅरेथॉनचा हंगामही नेमका तोच. ज्या महिन्यांत मुंबईचा हौशी धावपटू अंतर वाढवितो, त्याच महिन्यांत ऊसतोड मजूर पहाटे फडात उतरतो. मराठवाड्याच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी मुले-मुली दिसतात ती बहुतांशी पोलीस वा सैन्य भरतीसाठी. मुलांचे अंतर सोळाशे मीटर, आणि बक्षीस म्हणजे नोकरी. त्यांच्या तोंडी ‘पळणे’ हेच क्रियापद असते, ‘धावणे’ क्वचितच. त्यांना हौशी म्हणावे की धंदेवाईक, याचे उत्तर इंग्लंडातील कोणत्याही व्याख्येत सापडणार नाही.

याच रेषेवर लता भगवान करे यांची हकीकत येते. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीजवळ येऊन मजुरी करणाऱ्या या बाईंनी साठी उलटल्यावर, २०१३ च्या सुमारास, बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतला. पती आजारी होते, तपासण्यांना पैसा नव्हता, आणि शर्यतीला पाच हजार रुपयांचे बक्षीस होते. नऊवारी लुगडे नेसून त्या अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढेही त्या जिंकल्या. येथे कोणी आश्रयदाता नाही, वर्गणीदारांची यादी नाही, संस्था नाही. आजारी माणूस, धावणारे माणूस आणि पैसा यांच्यामध्ये दुसरे कोणीच उभे नाही. निधीसाठी धावणाऱ्यांच्या याद्यांत त्यांचे नाव बसत नाही, कारण त्या स्वतःच्या घरासाठी धावल्या. ‘हौशी’मध्येही बसत नाही, कारण बक्षिसासाठी धावल्या. १८६६ च्या नियमाने त्या दोनदा बाद झाल्या असत्या : एकदा पैसे घेतले म्हणून, आणि एकदा मजूर म्हणून. मराठी क्रियापदाला मात्र त्यांना सामावून घेण्यात काहीच अडचण नाही. त्या धावून गेल्या.

आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक महासंघाने आपल्या नावातील ‘अमॅच्युअर’ हा शब्द २००१ साली गाळला. लता करे यांच्या आयुष्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, तो २०२० मध्ये प्रदर्शित झाला; आपली भूमिका त्यांनी स्वतःच केली. त्या अभिनयासाठी सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. अभिनयाच्या क्षेत्रात त्या निःसंशय हौशी होत.