जोडक्रियापदें आणि वेळेचा हिशेब

१७५५ सालीं डॉक्टर जॉन्सन यानें आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत परकीय विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक छळणारी एक गोष्ट त्यानें मोकळेपणानें सांगितली आहे. साध्यासुध्या क्रियापदाच्या मागें एखादें लहानसें अव्यय येऊन बसतें, आणि तेवढ्यानें मूळचा अर्थ पार पालटतो. अशा क्रियापदांच्या जातीस नांव मिळावयास मात्र पुढें एकशेंसत्तर वर्षें लागलीं. १९२५ त लोगन पिअरसॉल स्मिथ यानें आपल्या पुस्तकांत 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा वापरली, आणि ती आपणांस ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविली असें त्यानेंच लिहिलें. आमच्या लोकांस ह्या क्रियापदांशीं झुंजावें लागलें तें त्यांचें बारसें होण्याच्या पुष्कळच आधीं!

हीं क्रियापदें आमच्या शाळांतून याद्या करून पाठ करविण्याचा प्रघात आहे. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणें, 'सिट अप' म्हणजे जागत बसणें. यादींत अर्थ सांपडतो; पण त्या क्रियापदाजवळ वेळेचा कोणता शब्द बसावयाचा, हें यादी सांगत नाहीं. 'ईट अप' यास 'पांच मिनिटांत' चालतें, 'पांच मिनिटें' चालत नाहीं. उलट 'वर्क अवे' किंवा 'प्लॉड ऑन' यांस 'तासन् तास' पाहिजे. 'तासांत' म्हटलें कीं वाक्य लंगडें पडतें. 'अप' क्रियेस शेवटास नेतें, 'ऑन' आणि 'अवे' तिला लांबवितात. मात्र 'सिट अप' मधला 'अप' कांहींच संपवीत नाहीं, त्यास 'रात्रभर' हवें. कित्येक पंडित ह्या अव्ययांस संस्कृत उपसर्गांच्या पंक्तीस बसवितात. 'हृ' धातूचे आहार, विहार, प्रहार होतात तसेंच हें, असें ते म्हणतात. अर्थपालटापुरती ही तुलना ठीक आहे. वेळेच्या बाबतींत ती आम्हांस फारशी उपयोगी पडत नाहीं.

उपयोगी पडते ती आमची मराठीच. आमच्या भाषेंतही क्रियापदाच्या मागें दुसरें क्रियापद येऊन उभें राहतें, आणि स्वतःचा अर्थ विसरून पहिल्याच्या सेवेस लागतें. बारामतीनजीक पिंपळी म्हणून गांव आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची शेती नीरेच्या डाव्या कालव्यानें पालटून टाकली. भाटघरचें धरण आणि हा कालवा हीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतलीं कामें होत. कालव्याच्या मुलखांत वेळ ही पैशासारखी मोजावी लागते, कारण पाण्याची पाळी ठरलेली असते आणि ती अपरात्रींही येते. अशा रात्रीनंतर तेथला शेतकरी सकाळीं सांगतो, "रातभर दारं धरीत बसलो." वाचकांनीं ह्या वाक्याकडे जरा निरखून पाहावें. उंसाच्या वाफ्यांचीं दारें धरणारा मनुष्य बसत नाहीं. एका हातांत खोरें, दुसऱ्या हातांत कंदील घेऊन तो रात्रभर चिखलांतून हिंडत असतो. तरीही 'बसलो'! येथें 'बसणें' या क्रियापदाचें बूड जमिनीस टेकलेलेंच नाहीं. काम लांबत गेलें, सरतां सरेना, एवढेंच तें सांगतें. आतां तोच मनुष्य म्हणेल, "दोन तासांत सगळं भिजवून टाकलं." 'दोन तास भिजवून टाकलं' असें तो कधींही म्हणणार नाहीं, आणि 'दोन तासांत भिजवीत बसलो' असेंही नाहीं. टाकणें आणि बसणें यांनीं वेळेच्या शब्दांची आपसांत वांटणी करून घेतली आहे. ती कोणत्याही शाळेंत शिकवावी लागत नाहीं.

हीच वांटणी पुढें पाश्चात्य तत्त्वचिंतकांनीं शास्त्राच्या पदवीस नेली. झेनो वेंडलर याच्या १९५७ च्या निबंधांत, क्रिया किती वेळ चालली आणि किती वेळांत पुरी झाली, ह्या दोन प्रश्नांवरून क्रियापदांचे वर्ग पाडलेले आहेत. आमच्या व्याकरणकारांचें लक्ष इकडे विशेष गेलें नाहीं, याचें कारण त्यांच्यापुढें निराळीं कामें होतीं. विल्यम केरी याचें मराठी व्याकरण १८०५ त श्रीरामपुरास छापलें गेलें. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, आणि इंग्रजी व मराठी शेजारशेजारच्या रकान्यांत नांदूं लागल्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें. विभक्ति, लिंग, काळ यांची घडी बसविण्यांतच ही पिढी खपली. मोरो केशव दामले यांनीं १९११ त पूर्वसूरींचीं मतें तपासून आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. तथापि शालेय पुस्तकांत संयुक्त क्रियापदाचा नियम एका वाक्यांत आटोपतो: धातुसाधित आणि सहायक मिळून एकाच क्रियेचा बोध व्हावा. 'तो आंबा खाऊन गेला' यांत एक क्रिया कीं दोन, यावर वर्गांत वाद माजतो. तेथें 'दोन मिनिटांत खाऊन टाकला' आणि 'दोन तास खात बसला' हीं वाक्यें शेजारीं मांडून दाखविलीं, तर आमच्या मतें नियमाचें काम निम्म्यानें हलकें होईल, आणि त्याच दमांत इंग्रजी 'अप' आणि 'ऑन' यांचा भेदही मुलांस उमगेल.

ही संपत्ति एकट्या मराठीची नव्हे. हिंदी 'डालना' लावून तेंच साधते. कानडींत 'बिडु', म्हणजे सोडणें, हा धातु तीच चाकरी करतो. पण मराठीची श्रीमंती पाहावयाची तर 'लिहिणें' घ्यावें. लिहून काढणें, लिहून घेणें, लिहून देणें, लिहून ठेवणें, लिहून टाकणें. इंग्रजीच्या 'राइट डाउन', 'राइट आउट' आणि 'राइट अप' या त्रयीस हीं पांचही भारी आहेत. त्यांतील 'ठेवणें' तर उद्यांकडे डोळा लावून असतें. 'उद्यांसाठीं लिहून ठेव' हें सहज निघतें; 'उद्यांसाठीं लिहून टाक' म्हटलें कीं कानास खटकतें, कारण टाकणाऱ्यास उद्यांशीं कर्तव्य नसतें.

'पुट ऑफ' ची गोष्ट याहून गमतीची. न्यायाधीशानें सुनावणी आठ दिवस पुढें ढकलली, असें आपण म्हणतों. पण न्यायाधीश आठ दिवस ढकलीत उभा होता अशी शंका कोणासही येत नाहीं. हे आठ दिवस ढकलण्याचे नव्हेत, ढकलल्यानंतरच्या अंतराचे आहेत. इंग्रजींतही तसेंच. मात्र 'सोमवारपर्यंत पुढें ढकलली' ही रचना आम्हांस इंग्रजी रकान्यावरून उतरलेली वाटते. घरांत 'सोमवारवर टाकली' असेंच म्हणतात, आणि कचेरींत तर नुसती 'तारीख पडली'. ज्या तारखेस पाडणारा कोणी नाहीं, तिच्यावर रागवावें तरी कोणी!

राहिलें 'गिव्ह अप'. इंग्रज मनुष्य एखादी वस्तु चार महिन्यांसाठीं सोडतो तेव्हां हेंच क्रियापद वापरतो, आणि जन्माची सोडतो तेव्हांही हेंच; फरक वेळेच्या शब्दावर सोंपवून तो मोकळा होतो. मराठी तो फरक क्रियापदांतच करते. चातुर्मासांत आमच्या घरांतून कांदा सोडतात, सोडून देत नाहींत. 'चार महिने कांदा सोडला' हें व्रत आहे. 'कांदा सोडून दिला' म्हटलें कीं चार महिन्यांस तेथें जागाच उरत नाहीं, मनुष्य माळकरी झाला असें लोक समजतात. कांदेनवमीस ज्यानें पोटभर भजीं खाल्लीं आणि कार्तिकी एकादशी उलटतांच पुन्हा कांदा चिरावयास घेतला, त्याच्याविषयीं 'यानें कांदा सोडून दिला होता' असें कोणतीही आजी म्हणणार नाहीं.