नळीतला पंखा

लहान विमान म्हणजे मोठ्या विमानाची नक्कल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आधी खरे विमान आणि मागाहून त्याचे खेळणे, हा क्रम आपण न तपासताच गृहीत धरतो. इतिहासाची पाने उलटू लागलो म्हणजे मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा आढळतो. १८ ऑगस्ट १८७१ या दिवशी पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान सोडले. ते अकरा सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले आणि मुख्य म्हणजे स्वतःचा तोल स्वतः राखीत गेले. पेनोला मोठे विमान बांधायचे होते. त्याला द्रव्यसाहाय्य मिळाले नाही आणि १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. परंतु त्याच्या आधीच, १८७८ मध्ये, अमेरिकेतील एका धर्मोपदेशक बापाने आपल्या दोन मुलांसाठी पेनोच्याच धर्तीचे एक उडते खेळणे घरी आणले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

आज आम्हांस ज्या लहान विमानाविषयी बोलायचे आहे, त्याची कथाही अशीच आडवळणाची आहे. बाहेरून ते जेट विमानासारखे दिसते. नाकावर पंखा नाही. पण आत जळणारे इंधनही नाही. पोटातील एका नळीत विजेवर फिरणारा छोटा पंखा असतो. तो पुढून हवा ओढतो आणि मागून झोताने फेकतो. इंग्रजीत याला ‘डक्टेड फॅन’ म्हणतात. आपण त्यास नळीतला पंखा म्हणू. जमिनीवर उभा असलेला चालक बिनतारी संदेशांनी हे विमान हाकतो.

पंख्याला नळीत घालण्याची कल्पना खेळण्यासाठी निघालेली नव्हे. १९१० साली पॅरिसच्या प्रदर्शनात रुमानियाच्या आंरी कोआंडा यांनी नेहमीच्या पंख्याऐवजी नळीत बसविलेल्या यंत्राने हवा ढकलणारे विमान मांडले. ते उडाले होते, असे कोआंडा पुढे अनेक वर्षांनी सांगत. परंतु त्या काळचा समाधानकारक पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. लुईजी स्टिपा या इटालियन अभियंत्याचे विमान मात्र निःसंशय उडाले. मिलानजवळ काप्रोनी कारखान्यात बांधलेले हे विमान ७ ऑक्टोबर १९३२ रोजी आकाशात गेले. विमान कसले, दोन्ही तोंडे उघडी असलेले ते एक भले मोठे पिंपच होते! १२० अश्वशक्तीचे इंजिन आणि पंखा दोन्ही त्या पिंपाच्या पोटात होते. ते स्थिर उडे, अवघ्या ताशी ६८ किलोमीटर वेगाने जमिनीवर उतरे. पण नळीमुळे पंख्याला जो लाभ होई, तो त्या जाड देहाला होणारा वाऱ्याचा अडथळा खाऊन टाकी. वेग ताशी सुमारे १३१ किलोमीटरच्या पुढे गेला नाही आणि इटालियन वायुदलाने तो नाद सोडला.

पुढे २७ ऑगस्ट १९४० रोजी इटलीतच कँपिनी यांचे विमान उडाले. त्यात ९०० अश्वशक्तीचे साधे पिस्टन इंजिन नळीतील यंत्राकडून हवा दाबून घेई आणि मागे त्या हवेत इंधन जाळले जाई. जगाने त्याचे पहिले जेट विमान म्हणून कौतुक केले. परंतु बरोबर एक वर्ष आधी, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, जर्मनीत हाइंकेल कंपनीचे खरे जेट विमान गुप्तपणे उडून गेले होते. जेट इंजिनाच्या प्रगतीपुढे पिस्टन इंजिनावरचा नळीतला पंखा मागे पडला.

तो मागे का पडला, हे साध्या हिशेबाने कळते. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलणे केव्हाही स्वस्त पडते. ६४ मिलिमीटर व्यासाचा पंखा घेतला आणि त्याचा मधला तुंबा ३० मिलिमीटरचा धरला, तर हवेला वाट उरते ती अवघी २५ चौरस सेंटिमीटरांची. एवढ्या वाटेने ८०० ग्रॅमचा रेटा मिळवायचा तर हवा ताशी १८० किलोमीटर वेगाने बाहेर पडली पाहिजे. आणि काहीच वाया गेले नाही असे मानले, तरी त्यासाठी सुमारे २०० वॉट शक्ती लागते. तेवढाच रेटा २५ सेंटिमीटरांचा उघडा पंखा ६० वॉटांच्या आसपास देतो. अरुंद वाटेचे भाडे तिप्पटीहून अधिक, असाच याचा अर्थ.

हे भाडे भरण्यास तयार झाले ते हौशी लोक. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे लहान विमान रेडिओने चालवून दाखविले; ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. महायुद्धानंतर आकाशात जेट विमाने दिसू लागली आणि तशीच प्रतिकृती उडवावी, असे हौशी कारागिरांना वाटू लागले. पण जेटच्या नाकावर पंखा लावला की सोंग उघडे पडे. म्हणून लहान तेलइंजिने नळीत बसविण्याचे प्रयोग सुरू झाले. ती इंजिने तापत, कानठळ्या बसवीत आणि त्यांचा जोर जेमतेम पुरे. पुढे दोन शोध दुसऱ्याच क्षेत्रांतून मदतीला आले. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे प्रबळ लोहचुंबक निघाले, त्यांतून चिमुकल्या पण जोमदार मोटारी झाल्या. आणि १९९१ पासून लिथियम-आयन विद्युत्घट बाजारात आले. या घटांच्या कामगिरीबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांस मिळाले. स्टिपाला जे हलके बळ लाभले नव्हते, ते आता शाळकरी मुलाच्या तळहातावर मावू लागले.

तरीही असे विमान बांधणे हे चिकाटीचे काम आहे. हलक्या फोमचा देह कापून जोडता येतो. खरी परीक्षा नळीची. तिच्या तोंडाची कड गोलसर घासली नाही तर आत शिरणारी हवा कडेशी फाटते आणि रेटा घटतो. पात्यांची टोके आणि नळीची भिंत यांत केसभरच फट हवी. पण पाते भिंतीला घासता कामा नये. पंख्यामागे स्थिर पाती बसवून हवेचा पीळ काढावा लागतो. मागचे तोंड किंचित आवळावे लागते, कारण तेथेच झोताला वेग येतो. जड घट पुढेमागे सरकवून गुरुत्वमध्य नेमका साधावा लागतो.

मग उड्डाण. नाकावर पंखा असलेल्या विमानाच्या शेपटीवर पंख्याचा वारा पहिल्या क्षणापासून वाहतो. येथे तो वारा नळीतून परस्पर निघून जातो. म्हणून हातातून सुटलेले विमान वेग घेईपर्यंत शेपटीच्या पट्ट्या हलविल्या तरी त्यांचा अंमल फारसा चालत नाही. ते जरा खाली झुकले की चालकाला ते वर ओढण्याचा मोह होतो. पण वेग नसताना नाक वर केले तर विमान कोसळते. क्षणभर धीर धरणाराच ते उडवू शकतो. शिवाय मोकळे मैदान हवे, माणसांपासून दूर. एवढ्या वेगाची वस्तू लहान असली तरी निरुपद्रवी नसते.

एवढा खटाटोप खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतिहासच देतो. १९६० साली एअर इंडियाची पहिली बोइंग ७०७ विमाने मुंबईस आली. त्यांची रोल्स-रॉइस कॉनवे इंजिने नव्या जातीची होती. आत शिरलेल्या हवेचा काही भाग ती न जाळता बाजूने मागे ढकलीत. हा भाग पुढे वाढतच गेला. आजच्या प्रवासी जेटच्या तोंडाशी जो प्रचंड पंखा दिसतो, तोच बहुतेक रेटा देतो. आणि तो असतो नळीतच. पण येथे नळी रुंद आहे, हवा पुष्कळ आहे, म्हणून भाडे परवडते. मोडीत काढलेली कल्पना योग्य मापाचे घर मिळताच पुन्हा नांदू लागली.

म्हणून एखादी कल्पना फसली, एवढ्यावरून ती खोटी ठरवू नये. ती कोणत्या मापावर आणि कोणत्या बळावर फसली, हे विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय पुस्तकापेक्षा हाताने लवकर लागते. आपल्या गावात संक्रांतीला कन्नी बांधताना पतंगाचा तोल जाणणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतील एखाद्याने घराच्या कोपऱ्यात फोम, तारा आणि मोटार यांचा पसारा मांडला, तर त्याला अभ्यासाची आठवण करून देण्याआधी त्याची नळी एकदा पाहावी, कड गोल का घासली ते त्याला विचारावे. तो जे सांगेल तोही अभ्यासच असेल.