जन्माचा धर्म नाकारणारे मेनोनाइट आणि सीमेअलीकडचे आपण

नांदेड-लातूर पट्ट्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र येतं. गोरा पादरी, दुधाची पावडर आणि बाटलेला गरीब माणूस. हे चित्र कुणी तयार केलं ते आपल्याला माहीत आहे. वाईट याचं वाटतं की तेच चित्र आता आपल्या पोरांच्या मोबाइलवरही फिरतं. "आमचं धर्मांतर विचाराचं, त्यांचं पोटाचं" असं म्हणणारे जयभीमवाले कार्यकर्ते आम्हाला देगलूर, बिलोली, उदगीरकडे भेटतात. या वाक्यात किती दम आहे ते तपासायचं तर एखाद्या मिशनचा इतिहास नीट बघावा लागेल. आम्ही मेनोनाइटांचा निवडला. एक कारण म्हणजे त्यांचं मोठं क्षेत्र आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानात होतं. दुसरं कारण त्यांच्या जन्मकथेत आहे.

ही कथा १५२५ सालच्या झुरिचची आहे. त्या काळी युरोपात मूल जन्मलं की त्याला बाप्तिस्मा दिला जाई आणि ते आपोआप त्या राज्याच्या धर्माचं होई. जन्म, धर्म आणि राजसत्ता यांची एकच गाठ मारलेली होती. काही तरुणांनी ती सोडायचं ठरवलं. तान्ह्या लेकराला काय कळतं, धर्म माणसाने मोठेपणी, समजून, स्वतःच्या तोंडाने स्वीकारला पाहिजे, असं म्हणून त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. म्हणून त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, हे नाव पडलं. दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिचच्या सत्तेने नदीत बुडवून मारलं. पाण्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतलास ना, मग पाण्यातच मर, असा हा न्याय. पुढे हॉलंडमधला मेनो सायमन्स हा कॅथलिक धर्मगुरू १५३६ मध्ये या लोकांत आला आणि त्याच्या नावावरून मेनोनाइट हा शब्द रूढ झाला. शस्त्र घ्यायचं नाही, शपथ घ्यायची नाही, राज्यकारभारापासून लांब राहायचं, हे त्यांचे नियम. छळ झाला की गाव सोडायचं. असं करत ते प्रशियात गेले, १७८९ पासून दक्षिण रशियात वसले आणि तिथून १८७०च्या दशकात अनेक जण अमेरिका-कॅनडाला गेले. १८६० मध्ये रशियातच त्यांच्यातून मेनोनाइट ब्रेदरन ही शाखा निघाली.

"जन्माने मिळालेला धर्म मला बांधत नाही" हे वाक्य आपल्याला कुठून ओळखीचं आहे, हे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा पाठ असलेल्या वाचकाला सांगायला नको.

रशियातल्या या मेनोनाइटांपैकी अब्राहम फ्रीझन हे १८८९ मध्ये नलगोंड्याच्या कामासाठी अमेरिकन बॅप्टिस्टांच्या सोबतीने आले. रशियन क्रांतीनंतर तिकडून येणारा पैसा आटला. अमेरिकेतल्या मेनोनाइट ब्रेदरनचे एन. एन. हीबर्ट आणि सोबती १८९९ मध्ये निजामाच्या राज्यात पोहोचले. महबूबनगर जिल्हा, म्हणजे पालमूर, हे त्यांचं मुख्य क्षेत्र झालं. त्याच १८९९ मध्ये मेनोनाइटांची दुसरी शाखा छत्तीसगडात धमतरीला उतरली, आणि १९०० नंतर आणखी एक शाखा चांपा-जांजगीरला. छत्तीसगड तेव्हा नागपूरच्याच मध्य प्रांतात होतं. धमतरीच्या कामाची सुरुवात सरळ दुष्काळातून झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी इथे धान्य पाठवलं, मागाहून माणसं आली, आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. अनाथ पोरं गोळा झाली, कुष्ठरोगी आले. "तांदळाचे ख्रिस्ती" हा टोमणा अशाच दिवसांतला. टोमणा मारणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे: त्या पोरांना उपाशी मरताना गावातल्या कुणाच्या कणग्या उघडल्या होत्या?

पालमुरात मिशनकडे आलेली माणसं मुख्यतः मादिगा आणि माला या दोन जातींतली. मराठीत सांगायचं तर मांग आणि महार यांच्या सख्ख्या चुलतभावांसारखी. मेलेली ढोरं ओढणं, कातडं, वेठ, गावाबाहेरचा वाडा, सगळं तेच. मिशनने त्यांना शाळा आणि दवाखाना दिला. डॉ. कॅथरिना शेलेनबर्ग ही अविवाहित बाई १९०७ मध्ये आली आणि १९४५ मध्ये मरेपर्यंत याच मुलखात डॉक्टरकी करत राहिली. मादिगाच्या बाईची नाडी हातात धरायला सवर्ण वैद्य तयार नव्हता, त्या काळात हे घडत होतं. आपण हे मान्य करायला कचरायचं कारण नाही.

मग मेनोनाइट नांदेड-लातूरकडे का आले नाहीत? इथे मिशनांचं एक तंत्र समजून घ्यावं लागतं. प्रोटेस्टंट मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही. पालमूर मेनोनाइट ब्रेदरनचं. मेदक-निजामाबाद इंग्लिश वेस्लियनांचं, नांदेडच्या शेजारचं डिचपल्लीचं कुष्ठरोग रुग्णालय त्यांचंच. बिदर अमेरिकन मेथॉडिस्टांचं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, लातूर जिल्हा तर १९८२ चा. म्हणजे उदगीरचा मांग मेथॉडिस्ट झाला आणि नागरकुर्नूलचा मादिगा मेनोनाइट झाला, यात त्या दोघांच्या निवडीपेक्षा कुणीतरी आखलेल्या नकाशाचा हात जास्त होता. धर्म समजून-उमजून निवडायचा म्हणून बुडून मेलेल्या माणसांचे वारस इथे आले, आणि पंथ कुठला मिळणार हे मात्र पुन्हा माणूस कुठल्या जिल्ह्यात जन्मला त्यावर ठरलं! देव निवडायचं स्वातंत्र्य होतं, मंडळी निवडायचं नव्हतं.

प्रचाराचं खरं काम गोऱ्यांनी किती केलं, हाही प्रश्न आहे. बंगल्यात राहणारा मिशनरी हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघायचा. वाड्या-वस्त्यांवर वर्षभर चालायचे ते तेलुगू सुवार्तिक, शाळामास्तर आणि घराघरांत बायबल सांगत फिरणाऱ्या बाया. त्यांना ठरलेला तुटपुंजा पगार आणि निर्णय कंपाउंडमधून. जिला नंतर "होम मिशन" म्हणजे घरचं मिशन म्हणू लागले, ती माणसं पहिल्या दिवसापासून तिथेच होती, फक्त त्यांचं नाव पाटीवर नव्हतं. आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण बघायचं तर जालन्याचे नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण जालन्याजवळ बेथेल वस्ती उभी करून मांगांमध्ये काम करत राहिला. मिशन देशी माणसाने चालवलं तरी त्याच्या वर स्कॉटलंडचं चर्च होतं, आणि मांग त्यात शिकणारा होता, ठरवणारा नव्हता. पालमुरात १९७०च्या दशकापर्यंत बहुतेक परदेशी मिशनरी निघून गेले आणि कारभार भारतीयांच्या हाती आला.

बाबासाहेबांनी या सगळ्याचा हिशोब मांडून ठेवला आहे. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरित माणसाच्या स्थितीवर दोन प्रकरणं आहेत. ती आपल्या अभ्यासवर्गात क्वचितच वाचली जातात. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: मिशनांचा पैसा उच्च शिक्षण आणि दवाखान्यांवर गेला, त्याचा मोठा फायदा सवर्णांनी घेतला. चर्चमध्ये जात गेली नाही. आणि धर्मांतरिताला पाप आपल्या आत आहे असं शिकवल्यामुळे बाहेरची समाजरचना बदलायची चळवळ त्याने उभी केली नाही. मेनोनाइटांना हा तिसरा मुद्दा सर्वांत जास्त लागतो. राज्यसत्तेपासून लांब राहणं हे युरोपात छळलेल्या माणसाचं चिलखत होतं. पालमूरच्या मादिगाला तेच शिकवल्यावर त्याच्या हातातलं हत्यार गेलं. वेठ प्रार्थनेने सुटत नाही. बाबासाहेब १९२८ मध्ये महार वतनाचं विधेयक घेऊन मुंबईच्या कायदेमंडळात उभे होते, कारण वेठ कायद्यात बसलेली होती.

येवल्यानंतर मुंबईच्या मेथॉडिस्ट बिशप बॅडलींनीही स्वागताचे हात पुढे केले होते. बाबासाहेबांनी २१ वर्षं घेतली आणि १९५६ मध्ये नागपूरला जे केलं त्यात मेनोनाइटांचा जुना गाभा आहे, पण एकट्यादुकट्याचा नाही. लाखो माणसांनी एकत्र, आणि तरीही प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या.

आता "त्यांचं पोटाचं" या वाक्याकडे परत येऊ. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलं. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. मधली ३४ वर्षं आपल्या घरात काय चालू होतं? महाराष्ट्राने राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी कागदावर "हिंदू महार" लागायचं. भिंतीवर बुद्ध आणि टीसीवर हिंदू, अशी कितीतरी घरं होती. आज पालमूरचा मेनोनाइट तेच करतो: मंडळीत एक नाव, दाखल्यावर "हिंदू मादिगा". पॉल वीबे यांनी १९८८ मध्ये महबूबनगरच्या मेनोनाइटांवर समाजशास्त्रीय पुस्तक लिहिलं. आपल्या विद्यापीठांत सीमेअलीकडच्या ख्रिस्ती मातंगांवर तसं काम व्हायला हवं. ज्याने खरं सांगितलं त्याच्या हातातून सवलत जाते, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही. मारणारा मात्र त्याची जात विचारूनच मारतो.

ख्रिस्ती आत आले तर आपला वाटा कमी होईल, ही भीती चळवळीत उघड बोलली जाते. ती खोटी नाही. महाराष्ट्रात १३ टक्के आहेत, ते वाढले नाहीत तर वाटेकरी वाढतील. म्हणून मागणी दोन्हीची हवी, समावेशाची आणि लोकसंख्येनुसार टक्का वाढवण्याची. १९९० पूर्वी आपल्यालाही "वाटेकरी" म्हणणारे होतेच. आणि नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे १९७८ मध्ये नामांतराच्या दंगलीत जाळले गेले. ते मातंग होते, नावात तेलंगणाची पोचम्मा होती, जीव गेला तो बाबासाहेबांच्या नावासाठी. त्यांनी वाटा मोजला नाही.

धर्मांतरित दलितांच्या प्रश्नावर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीरच्या शाखांनी आपल्या तालुक्यातल्या ख्रिस्ती मातंग आणि मादिगा कुटुंबांकडे जावं, त्यांची टीसी, जातीचे दाखले आणि फिर्याद न घेतल्याच्या तक्रारी एकत्र कराव्यात, आणि सोबत आपल्या आजोबांचे १९९० पूर्वीचे दाखलेही जोडावेत.