पडसादाआधीची नस

चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवरून हाक मारली की दरीतून ती पुन्हा पुन्हा परत येते. या परतून येण्याला आपण पडसाद म्हणतो. ऐकताना वाटतो 'पडलेला साद', पण मूळ आहे संस्कृत 'प्रतिशब्द'. प्राकृतात त्याचं 'पडिसद्द' झालं, मराठीत पडसाद. साद म्हणजे शब्दच.

अमरावती-अकोल्यात 'एमआरआय काढला' हे आता घरोघरचं वाक्य आहे. ते यंत्रही पडसादच ऐकतं. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का द्यायचा आणि परतणारा संकेत टिपायचा. १९५० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हान यांनी अशा एका संकेताला 'स्पिन एको' म्हटलं. धक्का आणि टिपणं यांमधला वेळ तो 'एको टाइम', एरवी काही मिलिसेकंदांचा. पण कंडरेतलं, म्हणजे टेंडनमधलं, बरंचसं पाणी कोलॅजनच्या तंतूंना घट्ट बिलगलेलं असतं, त्यामुळे तिचा संकेत एक-दोन मिलिसेकंदांतच ओसरतो. हाडाच्या टणक कवचाचा त्याहूनही लवकर. म्हणून चित्रात दोन्ही काळी. कंडरा फाटली तर मोकळं पाणी शिरून काळ्यात पांढरं उमटतं, आणि डॉक्टर ते ओळखतात. धड कंडरेचं मोजमाप मात्र त्या काळ्या पट्ट्यातून निघत नाही.

त्यासाठीच्या 'अल्ट्राशॉर्ट एको टाइम' पद्धतीत धक्का संपताच, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत टिपायला सुरुवात होते. ग्रेम बिडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर मोठं काम केलं. नाव एकोचं असलं तरी तिथे बहुधा एको नसतोच. विरत चाललेला मूळ सादच पकडला जातो. त्यामुळे 'अत्यल्प प्रतिध्वनिकाल' हा मराठी पर्याय मला पटत नाही. कामाकडे पाहिलं तर 'पडसादपूर्व चित्रण' अधिक खरं.

या पद्धतीने उजेडात येणाऱ्या कंडरेला वऱ्हाडात नस म्हणतात: 'माह्या टाचेची नस आखडली.' दवाखान्यात यावर अनेकदा दुरुस्ती ऐकू येते, की ही नस नाही, टेंडन आहे. शब्दाचा इतिहास रुग्णाच्या बाजूचा आहे. संस्कृत कोशांत 'स्नसा' म्हणजे स्नायू. अमरकोशात 'वस्नसा' आणि 'स्नायु' हे पर्याय शेजारी शेजारी आहेत. नस त्याच घरातली. आणि स्नायू म्हणजे तेव्हा मांस नव्हे. सुश्रुताने स्नायू ९०० आणि मांसाच्या पेशी ५०० अशा वेगळ्या मोजल्या. फळ्या बांधलेली नाव जशी ओझं पेलते तसे स्नायूंनी बांधलेले सांधे भार पेलतात, असं तो सांगतो. म्हणजे बांधणारी दोरी, आजच्या भाषेत कंडरा आणि अस्थिबंध.

पुढे शब्द जागचे हलले. मराठीत स्नायू मांसाकडे गेला, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली, बंगालीत तर स्नायू मज्जातंतू झाला. नसही शहरी बोलण्यात रक्तवाहिनी नाहीतर मज्जातंतू होऊन बसली. मूळ अर्थ टिकला तो वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात आणि आखाड्यात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. कुस्ती-मल्लखांबाच्या अशा गावात ताणलेली नस कुठली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.